शेवटच्या बाकापर्यंत

सस्कॅचवान. जानेवारी. उणे चौतीस.
पहाटे साडेपाचला खांबावरून इंजिनाची वायर सोडवतो,
टॉर्च घेऊन गाडीभोवती एक फेरी मारतो :
टायर, दिवे, आरसे,
आणि डाव्या कुशीला दुमडलेला तो लाल, अष्टकोनी हात.
तो उघडला की दोन्हीकडची वाहतूक थांबते,
धान्याचे ट्रकसुद्धा,
एक पोर रस्ता ओलांडतंय म्हणून.
मी वेंडेल हारासिम्यूक. एकोणीस वर्षं हेच करतोय.
कशाला एवढं, असं आजवर कुणी विचारलं नाही.

टेविया क्लासन सगळ्यांत शेवटी उतरते. एकेचाळीस मिनिटं.
आधी पुढच्या बाकावर बसून डोकं खायची माझं :
कोल्ह्याला थंडी वाजते का,
बायको मला सोडून का गेली,
गव्हाच्या कोठारात पडलेला उंदीर बुडून मरतो की गुदमरून.
मी आरशातून उत्तरं द्यायचो. निम्मी चुकीची.

बारावं लागलं आणि ती मागे गेली,
अगदी मागे, जिथे हीटर पोचत नाही.
आरशात उरला टोपीचा गोंडा
आणि हनुवटीवर निळसर उजेड.
असेल कुणी मुलगा, मी म्हटलं. वयच आहे.
आणि गिअर बदलला.

त्याचं नाव जुनिपर. तिनंच ठेवलेलं.
त्याला कधी जांभई आली नाही.
थांब जरा, पुढे बर्फ आहे, असं तो कधी म्हणाला नाही.
काय म्हणायचा ते नंतर कळलं :
आई दमलेली असते, तिला कशाला सांगतेस.
मी आहे ना.
असलं गोड बोलणारा माणूस गावात आला असता
तर आठवड्यात त्याच्या गाडीचा नंबर
पेट्रोलपंपावर तोंडपाठ झाला असता.
हा तर तिच्या उशाखाली राहत होता.

बुधवारी ती चालत्या गाडीत पुढे आली.
वेंडेल, मला इथेच उतरव.
इथे म्हणजे डोएर्कसनचं तळं. घर नाही, झाड नाही,
वाऱ्यानं घासून काढलेला बर्फ.
तिच्या हातांत मोजे नव्हते.

मी दार उघडलं नाही.
रेडिओवर म्हटलं, आठ नंबर, उशीर होणार. हिच्या आईला फोन लावा.
मग काहीच सुचेना, म्हणून विचारलं,
त्या कोल्ह्याचं काय ठरलं होतं गं आपलं?
ती म्हणाली, शेपटी नाकावर घेऊन झोपतो तो.
आणि रडू आलं तिला, असल्या थंडीत इंजिन लागतं तसं :
एकदा नाही, दोनदा नाही,
तिसऱ्यांदा, सगळा सांगाडा हलवत.

मार्चमध्ये कर्लिंगच्या हॉलमध्ये सभा झाली.
कंपनीचे गृहस्थ पडद्यावर. बोलणं सभ्य, मागे कुंडीतलं झाड.
वयाची अट आहे, म्हणाले,
चौकोनात टिचकी मारावी लागते : तेरा पूर्ण.
टेवियाची आई लोरेना हातमोजे गुंडाळत होती, उलगडत होती.
मी काही बोलणारा माणूस नव्हे. तरी उठलो.
साहेब, तुमच्या गाडीला हात आहे का?
त्यांना कळलं नाही.
म्हटलं, माझी फेरी संपली की मागे एक घंटा वाजू लागते.
शेवटच्या बाकापर्यंत चालत गेल्याशिवाय ती बंद करता येत नाही,
कुणी झोपून राहिलंय का ते पाहायलाच लागतं.
तुमच्याकडे मागे कोण जातं?
प्रश्न छान आहे, म्हणाले. लिहून घेतला.
कुणीतरी हसलं. ते हसू नव्हतं.

आता ती चौथ्या बाकावर बसते.
पहिल्या नाही. फार बोलतही नाही.
फोन आहे की नाही, मी विचारलेलं नाही.
काल म्हणाली, आणि उंदराचं काय?
माहीत नाही, मी म्हटलं.
खरंच माहीत नाही?
खरंच.
तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं. घर येईपर्यंत
ती त्यावर विचार करत होती, एवढं आरशात दिसलं.

गाडी लावली. घंटा सुरू झाली.
सातव्या बाकाखाली एक मोजा मिळाला, डाव्या हाताचा.
इंजिनावर वाळत घातलाय.